सारफथच्या वेशीवरची बाई

(वरवंड येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या माउलींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दारातून कुणी विन्मुख गेलं नाही, असं आत्ताच प्रास्ताविकात सांगितलं गेलं. त्यांच्या आठवणीला शोभेल असा विषय म्हणून मी आज पवित्र शास्त्रातल्या एका बाईविषयी बोलणार आहे. शास्त्रात तिचं नाव दिलेलं नाही. गावाचं नाव आहे, सारफथ. ती विधवा होती, पदरी एक मुलगा होता आणि घरात मूठभर पीठ होतं. तिची ओळख म्हणून शास्त्र एवढंच सांगतं.

पाहुणचार वरवंडला शिकवावा लागत नाही. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून दर वर्षी इथं येते. यवतचं पिठलं-भाकरी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि वरवंडच्या मुक्कामाच्या रात्री इथली कुठली ओसरी, कुठल्या शाळेचा व्हरांडा रिकामा असतो? पण एक गोष्ट आपण विसरतो. ज्यांच्या पादुकांपुढं आपण वाकतो, त्या तुकोबांनी स्वतः दुष्काळ भोगला होता. 1630 च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, लेकरू गेलं, दुकान बुडालं. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, म्हणून मीही आज त्याच पुलावरून निघते आहे.

भुकेनं पोळलेला माणूस काय करतो? बहुतेक वेळा मूठ आवळतो. त्यात त्याचा दोष नाही. पण काहींची मूठ त्याच भुकेनं उघडते. असं का होतं? हा प्रश्न मनात ठेवून आपण सारफथला जाऊ.

ही कथा जुन्या करारातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात आहे. इस्राएलावर अहाब राज्य करत होता. त्याची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. तिनं माहेरचं बआल हे दैवत सासरी आणलं. बआल पाऊस पाडतो, पीक देतो अशी लोकांची समजूत होती. एलीया संदेष्टा राजासमोर उभा राहिला आणि म्हणाला, आता पाऊसही नाही, दंवही नाही. तेवढं बोलून त्याला जीव घेऊन पळावं लागलं. करीथ नावाच्या ओहळाकाठी तो लपला. सकाळ-संध्याकाळ कावळे त्याला भाकर नि मांस आणून देत, आणि ओहळाचं पाणी तो पिई. मग तो ओहळही आटला. तेव्हा त्याला आज्ञा झाली की सीदोनातल्या सारफथला जा, तिथल्या एका विधवेला मी तुझ्या अन्नाची आज्ञा केली आहे.

इथं जरा थांबू या. देवानं आपल्या माणसाला कुठं पाठवलं? ईजबेलच्या माहेरमुलखात. जिच्या भीतीनं तो लपून होता, तिच्याच मातीत. सारफथ म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठचं गाव, सोर आणि सीदोन यांच्या मधलं. आज ते लेबनॉनात आहे. आणि पाठवलं कुणाकडे? त्या गावात व्यापारी असतील, गलबतांचे मालक असतील, बआलाचे धनवान पुजारी असतील. त्यांतल्या एकाही घरी पाठवलं नाही. पाठवलं ते जिच्या डोक्यावर कुणाचं छत्र नाही अशा बाईकडे.

आपल्या बायकांना यातली मेख लगेच कळेल. विधवेनं ओटी भरायची नाही, हळदीकुंकवाला जायचं नाही, लग्नात पुढं यायचं नाही. पाहुण्याचं स्वागत करायचा मान सवाष्णीचा. ही प्रथा गेली असं कुणी समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला या प्रथा बंद करायचा ठराव 2022 साली करावा लागला, आणि मग राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या काळात हे ठरावानं करावं लागतं, आणि त्या जुन्या कथेत मात्र देव थेट विधवेलाच यजमानीण करतो. तिला कुणी विचारत नाही, आणि संदेष्ट्याला मात्र तिच्याच दारी जावं लागतं!

एलीया गावाच्या वेशीपाशी पोचतो तेव्हा ती काटक्या वेचत असते. मोळी नव्हे, दोन-चार काटक्या. तो तिला हाक मारतो, भांड्यात थोडं पाणी आण म्हणतो. दुष्काळात पाणी मागणं म्हणजे काय मागणं, हे 1972 पाहिलेल्या मंडळींना मी काय सांगावं? खडी फोडायला गेलेले, सुकडी आणि मायलो खाल्लेले आजी-आजोबा इथं पुढच्या रांगेत बसले आहेत. तरी ती बाई एक शब्द न बोलता पाणी आणायला वळते. पाठमोऱ्या तिला तो पुन्हा हाक मारतो, येताना भाकरीचा तुकडाही आण.

आता मात्र तिचा बांध फुटतो. ती म्हणते, तुझ्या देवाची शपथ, माझ्याकडे भाकर नाही. मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडं तेल आहे. या काटक्या नेते, मला आणि पोराला शेवटचं काहीतरी करते, ते खाऊ आणि मरू.

यावर एलीया जे म्हणतो ते ऐकताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. भिऊ नकोस, तुला करायचं ते कर, पण आधी त्यातली एक लहान भाकर माझ्यासाठी करून आण. पाऊस पडेपर्यंत पीठ सरणार नाही, तेल आटणार नाही.

आधी माझ्यासाठी! मरायला टेकलेल्या पोराच्या आईला हे म्हणायचं? मंडळी, हे वाक्य फार जपून हाताळायचं आहे. माझ्याच ख्रिस्ती समाजात, आणि इतरही धर्मांत, या वाक्याचा गैरवापर करणारे आहेत. आधी आम्हाला द्या, मग देव तुम्हाला देईल, असं गरिबाला सांगून त्याच्या पोटाचं काढून नेणारे आहेत. त्यांनी पुढचं वाक्य वाचलेलं नसतं. एलीया भाकर घेऊन पुढच्या गावी गेला नाही. तो तिथंच राहिला. तिच्या माडीवरच्या खोलीत राहिला, त्याच मडक्यातलं खाल्लं. पीठ सरलं असतं तर तिच्या पोराबरोबर तोही उपाशी मेला असता. मागणाऱ्यानं ज्याच्याकडे मागितलं त्याच्या ताटाला आपलं ताट बांधून घेतलं, म्हणून त्याला मागायचा अधिकार होता. हा अधिकार नसलेल्या कुणीही गरिबाच्या मुठीकडे पाहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मागणं सोपं असतं का? आपण देणाऱ्याचं कौतुक करतो, मागणाऱ्याची जीभ किती जड होते ते पाहत नाही. त्याचा एक खरा प्रसंग सांगते. तो जिच्या बाबतीत घडला, तिनं पुढं आपल्या शेजारीच, केडगावात, आयुष्य काढलं. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थं फिरणारे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईनं मुलीला. 1874 पासून दक्षिणेत दुष्काळ सुरू झाला. होतं ते दानधर्मात संपलेलं होतं. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची नाही. दिवस दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढले. आधी वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली आणि तापात अन्न मागू लागली. तेव्हा सोळा वर्षांच्या आसपासची रमा जवळच्या एका ब्राह्मण बाईच्या घरी गेली. बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायचा होता. तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या बाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपणच विचारलं, खायला हवंय का? मग ही म्हणाली, बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा. तिनं तो दिला. उपकाराचा शब्दही रमाबाईंना बोलता आला नाही. त्या धावत आईकडे गेल्या. आईला तो तुकडा गिळवला नाही. काही दिवसांनी ती गेली.

हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या भाकरीनं आईचा जीव वाचला नाही. मग ते देणं वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. तो तुकडा रमाबाईंच्या मनातून कधी गेला नाही. पुढं बहीणही गेली. भावाबरोबर त्या हजारो कोस पायी हिंडल्या. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून झोपले. त्यानंतरचं त्यांचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे. कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, मनोरमेचा जन्म आणि दोन वर्षांतच वैधव्य. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. त्या वेळी शारदा सदन पुण्यात होतं. मदतीच्या छावण्या, अनाथगृहं पाहिली, त्यांत मुली-बायकांचं काय होतं ते पाहिलं, आणि शेकडो जणी बरोबर आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. केडगावला त्यांनी माळरानाची जमीन घेऊन ठेवली होती, तिथं त्यांना नेलं. तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता आपण सप्ताहाच्या काल्याचं गावजेवण आठवू या. एका दिवसाच्या त्या पंगतीसाठी आठ-आठ दिवस तयारी चालते, चूल कुणाची, पाणी कुणाकडे, वाढपी कोण यावरून किती बैठका होतात! केडगावात तशी पंगत रोज, दोन वेळ, वर्षानुवर्षं बसत होती. रोज दळण, रोज जळण, रोज पाणी. आणि पंगतीला बसणाऱ्या मुली हाडांचे सापळे होऊन आलेल्या, कुणाला खरूज, कुणाला हगवण, कुणाच्या डोक्यात उवांचं वारूळ. सारफथच्या गोष्टीकडे मी या अंगानं पाहते. तिचं मडकं भरलं, असं शास्त्र म्हणत नाही. कणगी लागली असंही नाही. पीठ सरलं नाही, एवढंच. म्हणजे रोज सकाळी ती मडक्यात हात घालत असणार आणि रोज तिला तळच लागत असणार. रोज मूठभरच. उद्याची खात्री हातात न घेता आजचं पीठ मळायचं. चमत्काराचं वर्णन एका वाक्यात होतं हो, पण मळणं, थापणं, भाजणं रोजचं असतं, आणि सेवेतला बहुतेक काळ त्यातच जातो. टाळ्यांचा क्षण वर्षातून एखादा येतो.

केडगावात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला सगळ्यांत मोठी वाटते. आधी वाचलेल्या मुलींनी नंतर आलेल्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, सांभाळलं. काल जी पाहुणी होती ती आज यजमानीण झाली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना त्या मुलींनी आणि बायकांनी चालवला. अंधांसाठी ब्रेल शिकवलं गेलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर त्याच छापखान्यात याच बायकांनी छापलं, 1924 साली, रमाबाई गेल्यानंतर. ज्यांना जगानं टाकून दिलं होतं, त्यांनी टाइप जुळवून ग्रंथ छापला. चौफुल्यावरून आत वळलं की आजही ती संस्था उभी आहे. इथल्या किती जणांनी ती आतून पाहिली आहे? एकदा पाहून या.

आता एका अवघड मुद्द्याला मी बगल देणार नाही. रमाबाईंचं नाव काढलं की धर्मांतराचा प्रश्न येतोच. 1893 साली शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठलं, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद दोन्ही बाजूंनी वाचावा, आणि तिथल्या मुलींनी स्वतः काय सांगितलं तेही वाचावं. माझ्यापुरतं सांगते. मी ख्रिस्ती आहे, माझी श्रद्धा मी लपवत नाही. पण भाकरीला अट लागली की तिचा सौदा होतो. सारफथची बाई एलीयाला ‘तुझा देव’ म्हणते, ‘माझा’ म्हणत नाही. तो ती दुरुस्ती करत बसत नाही. आधी जेवतो.

आणि प्रभू येशूनं याच बाईचं नाव कुठं काढलं ते पाहा. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो आपल्या गावी, नासरेथच्या सभास्थानात उभा आहे. गावकरी त्याच्यावर खूष आहेत. तो म्हणतो, एलीयाच्या काळात साडेतीन वर्षं पाऊस नव्हता, इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं ते सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे. तेवढ्यानं सभा पेटली. लोकांनी त्याला गावाबाहेर काढलं, डोंगराच्या कड्यापर्यंत नेलं, लोटून द्यायला. कशाचा राग आला त्यांना? भुकेल्याला जेवू घाला, याचा? त्याचा राग कुणालाच येत नाही. परकी बाई आपल्यापेक्षा देवाच्या जवळ असू शकते, हे त्यांना सोसलं नाही. हा राग आपल्यातही आहे. आपल्या चर्चमध्ये आहे, आपल्या आळीत आहे, आपल्या जातीत आहे.

कथेचा शेवटचा भाग प्रवचनात बहुधा गाळला जातो. काही दिवसांनी त्या बाईचा मुलगा आजारी पडतो आणि त्याचा श्वास थांबतो. ती एलीयावर संतापते. तू माझ्याकडे आलास तो माझ्या पापांची आठवण करून द्यायला आणि माझं लेकरू मारायला का? जिनं शेवटची मूठ दिली, तिच्या पदरात हे? एलीया तिला उत्तर देत नाही. तिला गप्पही करत नाही. मुलाला तिच्या कुशीतून घेतो, माडीवर आपल्या अंथरुणावर निजवतो, आणि देवाला जाब विचारतो. मुलगा जिवंत होतो. पण रमाबाईंची मनोरमा, जिनं आईच्या कामाचा भार उचलला होता, ती 24 जुलै 1921 ला गेली आणि ती परत आली नाही. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाईही गेल्या. मनोरमा गेल्यावरही केडगावची सकाळची चूल पेटतच होती. सेवा केली म्हणून घरावर संकट येत नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्याच्या मुलांना जेवू घालणाऱ्या घरातही मूल जातं. आणि अशा वेळी तिथं जायचं, तिचा संताप ऐकून घ्यायचा, हाही पाहुणचारच.

आता आपल्या वेशीवर कोण आहे ते पाहू. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येतील. बीडहून, नगरहून, मराठवाड्यातून. फडाच्या कडेला कोप्या पडतील. गुऱ्हाळांवर उत्तरेकडचे मजूर आहेतच. पहाटेच्या अंधारात ती बाई उठते, भाकऱ्या थापते, फडात जाते, संध्याकाळी बांधावरच्या काटक्या आणि पाचट गोळा करून पुन्हा चुलीपाशी बसते. तिच्या कडेवर पोर असतं. आपण मोटारसायकलवरून तिच्या शेजारून जातो. ती कुणाची कोण, हे आपल्याला ठाऊक नसतं, कारण ती ‘कोयता’ असते. एका जोडप्याला आपण एका हत्याराचं नाव दिलं आहे!

तिच्यासाठी देणगी गोळा करा, असं मी म्हणत नाही. माझी मागणी लहान आहे आणि या गावाच्या आवाक्यातली आहे. टोळी उतरेल त्या फडापर्यंत पिण्याच्या पाण्याचा टँकर किंवा नळ कुठून जाईल, ते आधीच ठरवावं. गिरणीवाल्या भाऊंनी संध्याकाळी उशिरा त्यांच्या दळणासाठी तासभर गिरणी चालू ठेवावी. कोप्यांवर गरोदर बाया किती आहेत, याची आशाताईंबरोबर जाऊन पहिल्या आठवड्यातच नोंद करावी, आणि अपरात्री दवाखान्यात न्यायला दोन गाड्यांचे नंबर प्रत्येक कोपीवर लिहून द्यावेत. पोरांना अंगणवाडीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवायला कुणीतरी रोज सकाळी हाताला धरून नेलं पाहिजे. सांगून ती जात नाहीत. आणि सगळ्यांत आधी त्या बायकांची नावं विचारावीत.

यातलं कुठलं काम कोण घेणार, ते आज इथंच ठरवू या. कागद-पेन व्यासपीठावर आहे. सभा संपल्यावर मी इथंच आहे, या.